वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या स्विंगमध्ये हातांचं काम

प्रश्न : मुलगा नववीत आहे, शाळेच्या बेसबॉल संघात खेळतो. सोयाबीनची पोती उचलणारे हात आहेत, दंडात ताकद आहे; तरी बॉल इनफिल्डच्या, म्हणजे बेसांजवळच्या आतल्या मैदानाच्या, पुढे जात नाही. त्याच्या संघातला बारीक अंगाचा पोरगा मात्र आउटफिल्डपर्यंत, म्हणजे त्यापलीकडच्या मैदानापर्यंत, मारतो. हातांचा व्यायाम वाढवावा का? — एक पालक, सेलू

उत्तर : इतक्यात नको. आधी त्याचा स्विंग मोबाइलवर समोरून, स्लो मोशनमध्ये टिपा. बहुधा असं दिसेल की बॉल यायच्या आधीच त्याचे दोन्ही हात सरळ झालेले आहेत आणि बॅट लांबून, मोठा वळसा घेऊन येते आहे. दंडात ताकद असलेल्या पोरांची हीच चूक होते. ती हातांनीच बॅट ढकलायला लागतात.

स्विंगचा जोर पायांतून आणि कमरेतून निघतो. हातांनी तो वाटेत न सांडता बॅटच्या टोकापर्यंत पोचवायचा असतो. हुरड्याच्या दिवसांत पाखरं राखणाऱ्याची गोफण आठवा. मूठ लहानसं वर्तुळ काढते, दगड मात्र दोरीच्या टोकाला सणाणत असतो. बॅटचंही तसंच. मुठी अंगाजवळून छोट्या वळणाने येतात, बॉलजवळ आल्या की मंदावतात आणि त्याच वेळी बॅटचं टोक सपकन पुढे निघतं. सुरुवातीलाच हात लांब गेले तर फिरवायचं वजन अंगापासून दूर जातं आणि कमरेने दिलेला वेग तिथेच मरतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्रम असा. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा मुठी मागच्या खांद्यापाशीच राहतात. कंबर वळू लागली तरी त्या लगेच निघत नाहीत. मग उजवं कोपर बरगडीला लागून खाली येतं आणि हँडलच्या बुडाची गाठ, म्हणजे नॉब, बॉलच्या दिशेने निघते. बॉल लागताना उजवं कोपर अजून वाकलेलं असतं, उजवा तळवा आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे. दोन्ही हात पूर्ण सरळ होतात ते त्यानंतर, आणि मनगटं उलटतात तीही त्यानंतरच. मनगट आधी उलटलं की बॉल टप्पे खात शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे, जातो. उलट, कोपर मुठींच्या पुढे निघून गेलं तर बॅट मागे रेंगाळते आणि वेगवान बॉलला उशीर होतो. बॅट जड असली की हे हमखास होतं, म्हणून हँडलवर दोन-तीन सेंटिमीटर वर धरून पाहा.

पकड बोटांत हवी, तळहातात खोल नको. घट्ट आवळल्याने बॉल लांब जात नाही. बॅट आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात मुठीच्या आवळण्याचा काही उपयोग होत नाही. आवळलेल्या मुठीने मनगट मात्र ताठरतं. उन्हात घाम आला की पोरं नकळत आवळतात. खिशात फडकं ठेवावं, हँडलची टेप गुळगुळीत झाली की बदलावी.

सरावासाठी भिंत पुरते. नॉब बेंबीला आणि बॅटचं टोक भिंतीला टेकेल इतक्या अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग बॅटिंगला उभं राहतो तसं बाजूने वळून, हळू, रोज वीस स्विंग. बॅट भिंतीला घासली म्हणजे हात लांब गेले. जुनीच बॅट घ्या.

प्रश्न : माझी एक विद्यार्थिनी उजव्या बाजूने खेळते, पण डावा हात वर धरते. तसंच मारते, बरं मारते. बदलू का? — क्रीडाशिक्षक, औसा

उत्तर : बदला, आणि आत्ताच बदला. 755 होमरन मारणारा अमेरिकेचा बेसबॉलपटू हँक आरन लहानपणी असाच उलट्या हातांनी खेळायचा. त्यालाही पकड बदलावी लागली. हात उलटे असले की ते एकमेकांना अडतात आणि मनगटं मोकळी फिरत नाहीत. काही दिवस तिचे हिट कमी होतील, तेवढे दिवस सामन्यात उतरवू नका. टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांडीवर, ठेवलेल्या बॉलवरच खेळवा.

प्रश्न : सॉफ्टबॉल खेळते. बॅटिंगनंतर खालच्या हाताच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ दुखतं. पकडीचं काही चुकतंय का? — एक खेळाडू, वसमत

उत्तर : नॉब तळव्यात रुतत असेल. तिथे हॅमेट नावाच्या हाडाला आकड्यासारखं टोक असतं, आणि नॉबच्या दाबाने ते मोडू शकतं. खालचा हात नॉबच्या वर पूर्ण हँडलवर घ्या. पण आधी बॅटिंग थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना बॅट सोबत न्या, नॉब कुठे टेकते ते दाखवा. साध्या एक्स-रेत हे मोडणं बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला आणि दुखणं राहिलं, तर सीटी स्कॅनबद्दल विचारा.