टेस्टरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं? सही करण्याआधी...

गेम टेस्टिंगचं सहा महिन्यांचं काम मिळालं, छान झालं. आधी बघ, पगार आहे की ‘प्रोफेशनल फी’? फी असेल तर टीडीएस कापला जाईल. पीएफ, भरपगारी रजा विसर. रिलीजच्या तोंडावर रात्री दोनला गेममधलं तेच दार दोनशे वेळा उघडायला लावतील, त्या जादा तासांचे पैसे कागदावर आहेत का ते शोध. माझं कॉन्ट्रॅक्ट गेम येण्याआधी संपलं, क्रेडिट्समध्ये नावच नाही! तुझं नाव येईल, हेही ईमेलवर लिहून घे.

‘पुढे पर्मनंट करू’ या शब्दावर बाइकचा हप्ता सुरू करू नकोस. अमेरिकेत ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीने २०२२ मध्ये सुमारे १,१०० टेस्टर कायम केले खरे, पण त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये तिच्याच रेव्हन स्टुडिओच्या टेस्टरनी काम बंद ठेवलं होतं.