थकवा जात नाही, लपतो

पोरा,

तुझा मेसेज सकाळी वाचला. पाठवलेला रात्री दोन चाळीसला. दिवसाला दोन एनर्जी ड्रिंक चालतील का, आणि शुगर-फ्री घेतलं तर धोका टळतो का, हे तुला हवंय. एक जण विष म्हणतो, दुसरा म्हणतो कॉफीच तर आहे, आणि बरोबरीचे सगळे पिऊन धडधाकट फिरताहेत. गोंधळ होणारच. पण खरं सांगू, तुझ्या प्रश्नापेक्षा ती दोन चाळीसची वेळच मला जास्त लागली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. कॅन थकवा घालवत नाही, लपवतो. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि ठरलेल्या जागांवर बसून ‘आता झोप’ म्हणून सांगतो. कॅफिन त्याच जागा अडवून बसतं. अडेनोसिन कुठे जात नाही, दाराबाहेर गर्दी करून उभं राहतं. कॅफिन उतरलं की सगळं एकदम आत शिरतं. त्या वेळी तू दुसरा कॅन उघडतोस.

आता हिशेब. संध्याकाळी सहाला तू अर्ध्या लिटरचा कॅन पितोस, त्यात साधारण 160 मिलिग्रॅम कॅफिन असतं. ते निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे रात्री अकराला 80 मिलिग्रॅम शिल्लक, जणू छोटा कॅन आत्ताच संपवून गादीवर पडलास. पहाटे चारला अजून 40. 2013 च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. मग सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा कॅन. थकवा लपतो रे, जात नाही!

शुगर-फ्रीचं म्हणशील तर साखर गेली, बाकी सगळं तसंच. साखरेचं दुखणंही लहान नाही. 250 मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनमध्ये सुमारे 27 ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 25 ग्रॅमच्या आसपास थांबलेलं बरं म्हणते. पण तुझी झोप उडवते ती साखर नाही, कॅफिन. लेबलावर ‘ग्वाराना’ दिसलं तर तेही कॅफिनच, वेगळ्या नावाने आलेलं.

‘कॉफीच तर आहे’ हे मीही वर्षानुवर्षं म्हणत होतो. गरम कॉफी माणूस फुंकर मारत घोट घोट पितो. थंड, गोड कॅन दोन मिनिटांत घशाखाली जातो. शिवाय 2017 मध्ये 18 निरोगी तरुणांवर एक चाचणी झाली. एकदा जवळपास लिटरभर एनर्जी ड्रिंक, एकदा तेवढंच 320 मिलिग्रॅम कॅफिन असलेलं दुसरं पेय. एनर्जी ड्रिंकनंतर दोन तासांनी त्यांच्या ईसीजीत क्यूटी अंतर जास्त लांबलेलं दिसलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्यासाठी तयार व्हायला जो वेळ घेतं, तो लांबला. फरक थोडासाच होता. पण ज्याच्या हृदयात जन्मतः काही दोष दडलेला असतो, त्याला थोडासाही महाग पडतो, आणि असा दोष असलेल्या कित्येकांना तो ठाऊकच नसतो.

आता माझं. मी टीम सांभाळत होतो, डेडलाइन जवळ आली होती, आणि फ्रिज कॅननी भरून ठेवायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा पेंगायला लागला की मी त्याच्या कीबोर्डशेजारी कॅन ठेवायचो. एका पहाटे तो म्हणाला, ‘छातीत काहीतरी फडफडतंय.’ मी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. ठोके भराभर लागत होते, मध्येच एक गळायचा, मग दोन लागोपाठ. टेबलावर त्याच्या कॅनचं ओलं वर्तुळ अजून सुकलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, किती प्यायलात? त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, ‘एखादा असेल.’ चार होते.

तो बरा झाला. पण ते वाक्य मी आजतागायत गिळू शकलेलो नाही. कामचुकार नव्हतो मी, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ते काम बुडालं असतं तर दहा जणांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, आणि माझ्याशिवाय ते कुणी ओढून नेलं नसतं, हे आजही छातीठोकपणे सांगेन. पण दमलेल्या पोराला घरी पाठवायचं सोडून मी त्याचा थकवा लपवला, हेही तितकंच खरं. त्या दिवसापासून दुपारी बारानंतर मी कॅफिनला शिवत नाही आणि माझ्या टीममध्ये रात्रीचं काम ठेवत नाही. यापायी एक बढती गेली. हट्टी म्हणतात, म्हणू देत.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि एका वेळी 200 ही मर्यादा सांगितली. तुझे दोन मोठे कॅन 320 होतात. ‘बसतं की मर्यादेत!’ म्हणशील. दिवसभराची चहाकॉफी त्यात धरलीस का? आणि तुझा चौदा वर्षांचा भाऊ त्याच कॅनमधून घोट घेतो, हे तूच मागे सांगितलं होतंस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्येच सांगितलंय की मुलांच्या आहारात या पेयांना जागा नाही. लिथुआनियाने 2014 मध्ये अठराच्या आतल्यांना ती विकायलाच बंदी घातली. भावाच्या हातून कॅन आजच काढून घे. यावर वाद नको.

दारूत मिसळून तर कधीच नाही. चढलेली तेवढीच असते, फक्त कळत नाही. इथेही पुन्हा लपणंच.

एकदम बंद करू नकोस. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, कधी आठवडाभर ठणकतं, आणि तू घाबरून परत पिशील. आधी संध्याकाळचा कॅन सोड, चार-पाच दिवसांनी सकाळचा अर्धा कर. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलास, ठोके गळताहेत असं वाटलं, तर त्याच क्षणी डॉक्टरकडे जा आणि आकडा खरा सांग.

मलाही खरा आकडा पाठव, चहाकॉफीसकट, मागच्या सात दिवसांचा. पण रात्री नको. सकाळी उठल्यावर लिही.