प्रश्न वाचकांचे : संकेतस्थळावर काय लिहावे?

व्यवसायाच्या संकेतस्थळावरील मजकुराविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रात आलेली अडचण सर्वांत जास्त जणांची असल्याने त्याचे उत्तर मोठे झाले आहे.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. थेट विक्री करता यावी म्हणून तीन वर्षांपूर्वी संकेतस्थळ करून घेतले. ‘देवगड हापूस ऑनलाइन’ हे शब्द पहिल्या पानावर पंधरा वेळा आले पाहिजेत, असे ते करून देणाऱ्यांनी सांगितले आणि मजकूरही त्यांनीच लिहून दिला. तरीही गूगलवर आम्ही सापडत नाही. सगळ्या ऑर्डरी जुन्या ओळखीतून, व्हॉट्सॲपवर येतात. सोबत पानाची प्रत आणि गेल्या हंगामातील काही संदेश जोडले आहेत. — एक बागायतदार, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपण जोडलेले दोन्ही कागद मी शेजारी ठेवून वाचले. पानावर ‘आमचा देवगड हापूस हा सर्वोत्कृष्ट देवगड हापूस असून देवगड हापूस ऑनलाइन मागवण्यासाठी’ अशी वाक्ये आहेत. संदेशांत मात्र ठाण्याच्या एका ताईंनी रात्री साडेनऊला विचारले आहे की, पेटी येऊन सहा दिवस झाले, आंबा अजून हिरवाच आहे, फ्रिजमध्ये ठेवला तर पिकेल का? त्यावर आपण पाच ओळींचे जे उत्तर दिले आहे, तेच आपल्या संकेतस्थळावरचे सर्वांत उत्तम लेखन ठरले असते; पण ते संकेतस्थळावर नाही, एका फोनमध्ये पडून आहे.

शब्द मोजून पेरण्याची पद्धत कुठून आली, हे आधी सांगतो. शोधयंत्रांच्या सुरुवातीच्या काळात पानावर एखादा शब्द किती वेळा आला आहे, याला बरेच महत्त्व होते आणि त्याचा गैरफायदा घेणारेही पुष्कळ होते. गूगलने २०११ साली ‘पांडा’ नावाच्या बदलाने पोकळ मजकुराची पाने मागे ढकलली. २०१९ मध्ये भाषा समजून घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत आली आणि शोधवाक्यातील शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंध लक्षात घेतला जाऊ लागला. पानाच्या मागे लपवून ठेवायची कीवर्डांची, म्हणजे शोधशब्दांची यादी तर आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबणे हे आज गूगलच्या नियमांत गैरप्रकार म्हणून नोंदलेले आहे. त्यामुळे पंधरा वेळांचा तो हिशेब आपण निःशंकपणे सोडून द्यावा. पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात ‘देवगड हापूस’ हे शब्द स्वाभाविकपणे आले की पुरे.

आता काय लिहावे, ते आपल्याच संदेशांतून काढू. गिऱ्हाईक विचारते : पेटीत किती डझन आहेत, फळाचे वजन किती, आंबा तयार येतो की कच्चा, पुण्याला किती दिवसांत पोहोचतो, कार्बाइडने पिकवलेला नाही ना, आणि कापल्यावर आत साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला तर पैसे परत मिळतात का? या सहा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर आपल्या पानावर नाही. नमुन्यादाखल एक परिच्छेद लिहून देतो. आकडे आपल्या बागेचे घालावेत.

‘पाच डझनांची पेटी, प्रत्येक फळ २३० ते २७० ग्रॅम. फळ देठासह उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी पेटी रवाना करतो, म्हणून आंबा आपल्या हाती येतो तेव्हा हिरवा आणि कडक असतो. पेटी आल्याबरोबर उघडावी, फळे गवतावर एका थरात मांडावीत आणि हवेशीर जागी ठेवावीत. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने तो पिकत नाही आणि त्याची चवही जाते. देठाजवळ वास सुटला आणि अंगठ्याखाली फळ जरासे दबले की कापावे. कापल्यावर साका निघालाच, तर त्या फळाचा फोटो पाठवावा. तेवढ्या फळांचे पैसे परत करतो.’

या परिच्छेदात ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द कुठेही नाही, तरीही वाचणाऱ्याला माल कोणाच्या हातचा आहे ते कळते. शेवटचे वाक्य लिहिताना आपला हात अडेल, याची मला कल्पना आहे. कापेपर्यंत बाहेरून न दिसणारा साका हा हापूस विकणाऱ्या प्रत्येकाचा दुखरा विषय आहे. पण गिऱ्हाइकाच्या मनात ती शंका असतेच, आणि तिला पानावर उत्तर मिळाले नाही तर ते दुसऱ्याच्या पानावर जाते. पैसे परत करणे शक्य नसेल, तर काय शक्य आहे ते लिहावे; मात्र गप्प राहू नये.

‘घरी आंबा कसा पिकवावा’ यासाठी एक स्वतंत्र पान करावे, कारण ज्याने आंबा दुसरीकडून घेतला आहे तोही हे शोधतो आणि पुढच्या वर्षी त्याला आपले नाव आठवते. त्या पानावर आपल्या अढीचे फोटो टाकावेत आणि प्रत्येक फोटोला ‘गवतावर मांडलेला हापूस, चौथा दिवस’ अशा साध्या शब्दांत वर्णन जोडावे. फोटोचे वर्णन भरण्याची जी जागा संकेतस्थळात असते, ती आपल्या सगळ्या फोटोंना कोरी आहे.

आपण दर जूनमध्ये विक्रीचे पान काढून टाकता आणि जानेवारीत नवे करता, असे दिसते. हे थांबवावे. त्याच पत्त्यावरचे पान वर्षभर ठेवावे, पावसाळ्यात ‘हंगाम संपला, पुढील नोंदणी जानेवारीपासून’ असे लिहावे आणि मोहोर आला, पहिली तोडणी झाली की तारखेसह मजकूर बदलावा. नव्या पत्त्याची ओळख गूगलला दर वर्षी पुन्हा करून द्यावी लागते आणि तोवर हंगाम अर्धा सरलेला असतो.

नावाबाबतही एक गोष्ट सांगतो. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. आपली त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल, तर नोंदणी क्रमांक पानावर ठळक द्यावा. कुठलाही आंबा हापूस म्हणून खपवला जात असताना हा क्रमांक गिऱ्हाइकाला पडताळून पाहता येतो.

प्रश्न : आम्ही पुण्यात मोडी कागदपत्रांचे देवनागरीत लिप्यंतर करून देतो. संकेतस्थळ मराठीत असावे की इंग्रजीत, यावर आमच्यात मतभेद आहेत. सध्याचा मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असून त्याची चित्रे करून पानावर लावली आहेत. — एक वाचिका, पुणे

उत्तर : मतभेद बाजूला ठेवून आधी ती चित्रे काढावीत. चित्रातील मजकुराला शोधयंत्र पानाचा मजकूर म्हणून विचारात घेईल, यावर विसंबता येत नाही. जुन्या फाँटमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर आपल्याला जिथे ‘मोडी’ दिसते तिथे संगणकाला भलतीच अक्षरे दिसतात. सर्व मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखाच कळणाऱ्या अक्षरसंकेतात पुन्हा टाइप करून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते झाल्याशिवाय पुढचे काहीच उपयोगाचे नाही.

भाषेचे म्हणाल, तर आपल्याकडे येणारा माणूस कोण, ते पाहावे. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांची गरज गावोगावी भासू लागली. आजोबांच्या पेटीत सापडलेले खरेदीखत किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल हातात घेऊन बसलेला हा माणूस मराठीतच विचार करतो, पण फोनवर पुष्कळदा रोमन अक्षरांत टाइप करतो. म्हणून मुख्य पाने मराठीत असावीत. परदेशातील किंवा मराठी वाचता न येणाऱ्या वारसांसाठी एक वेगळे, पूर्ण इंग्रजी पान असावे आणि ही दोन पाने एकाच मजकुराची दोन भाषांतली रूपे आहेत हे सांगणारी खूण संकेतस्थळ करणाऱ्याकडून दोन्हींवर घालून घ्यावी. यंत्राकडून केलेले भाषांतर न तपासता लावू नये. ‘खरेदीखत’, ‘फेरफार’, ‘वाटणीपत्र’ या शब्दांची यंत्र काय अवस्था करते, ते आपण जाणताच.

मजकुरात काय घ्यावे, हे मला आपल्या कामातच दिसते. मोडीतील एक ओळ, खाली तिचे देवनागरी रूप आणि त्याखाली आजच्या मराठीतील अर्थ, असा एक नमुना मालकाची परवानगी घेऊन आणि नावे झाकून पहिल्याच पानावर द्यावा. पानामागे दर किती, किती दिवस लागतात, फाटका किंवा पुसट कागद घेता का, मूळ कागद पाठवावा लागतो की फोटो चालतो आणि आपले लिप्यंतर कोणत्या कामासाठी कोणत्या कार्यालयाने आजवर स्वीकारले आहे, हे नेमके लिहावे. शेवटचा मुद्दा विशेष जपून लिहावा. जिथे स्वीकारले गेले नाही, तिथली आशा दाखवू नये.

प्रश्न : मी नागपुरात संकेतस्थळांसाठी लेखन करतो. गळती थांबवण्याचे काम करणारा एक ठेकेदार माझे गिऱ्हाईक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने महिन्याला पन्नास पाने करावीत आणि एकच मजकूर गावाचे नाव बदलून वर्धा, अमरावती, भंडारा, चंद्रपूर अशा प्रत्येक गावासाठी लावावा, असे तो म्हणतो. मी काय सांगावे? — एक लेखक, नागपूर

उत्तर : आपण स्पष्ट नकार द्यावा आणि कारणही सांगावे. केवळ क्रमवारी मिळवण्यासाठी वाचकाच्या उपयोगाची नसलेली पाने घाऊक प्रमाणात तयार करणे गूगलने मार्च २०२४ मध्ये गैरप्रकारांत घातले, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. गावाचे नाव बदलून लावलेली पाने त्याच्या कितीतरी आधीपासून निषिद्ध आहेत. यंत्राची मदत घेण्याला मात्र बंदी नाही. मसुदा नीट लावण्यासाठी किंवा शुद्धलेखन तपासण्यासाठी आपण ती घ्यावी, असेच मी म्हणेन.

यंत्राकडे नसते ते गच्चीवरचे ज्ञान. शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या गूगलच्या मूल्यमापकांसाठी असलेल्या मार्गदर्शक सूचनांत डिसेंबर २०२२ मध्ये लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाची कसोटी आली, आणि तो अनुभव ठेकेदाराकडे भरपूर आहे. आपण एक पूर्ण दिवस त्याच्या मिस्त्रीबरोबर गच्चीवर काढावा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि पहिली भेग बहुधा गच्ची व कठड्याची भिंत जिथे मिळतात त्या सांध्यावर दिसते. तो सांधा कसा खरवडतात, त्यात काय भरतात, काम झाल्यावर गच्चीत पाणी भरून किती वेळ ठेवतात, जून तोंडावर आला असताना कोणते काम घ्यावे आणि कोणते दिवाळीनंतर करावे, हे मिस्त्री बोलता बोलता सांगेल. ते टिपून, तेथेच फोटो काढून केलेले एक पान त्या पन्नासांपेक्षा अधिक दिवस काम करील. अमरावतीला त्याने खरोखर काम केले असेल, तर त्या कामाचे वेगळे पान करावे : इमारत किती जुनी होती, गळती कुठे होती, किती दिवस लागले, पुढच्या पावसाळ्यात काय दिसले. काम केलेले नसेल, तर अमरावतीचे पान करू नये.

त्याला घाईच असेल, तर आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, पूर्ण भरून घ्यावे. ‘जवळचा वॉटरप्रूफिंगवाला’ शोधणाऱ्याला बहुधा नकाशाच आधी दिसतो. तेथील पत्ता, वेळ, फोन आणि ताजे फोटो यांवर आपला एक दिवस खर्च झाला, तरी तो सत्कारणी लागेल.

प्रश्न : येवल्यात आमचे पैठणीचे दुकान आहे. ‘अस्सल पैठणी कशी ओळखावी’ हा आमचा लेख खूप वाचला जातो, पण त्यावरून साडी कोणी घेत नाही. — एक वाचक, येवला

उत्तर : लेख मी वाचला आणि तो चांगला आहे. हातमागावरच्या पैठणीचा काठ उलट बाजूनेही सुलटसारखाच स्वच्छ दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत, हे आपण फोटोसह समजावले आहे. मात्र लेख तेथेच संपतो. वाचणाऱ्या बाईला आता उलट बाजू पाहायची इच्छा झालेली असते आणि आपल्या विक्रीच्या पानावर एकाही साडीच्या उलट बाजूचा फोटो नाही. किंमतही नाही, ‘किमतीसाठी संपर्क करा’ एवढेच आहे. प्रत्येक साडीच्या काठाचे आणि पदराचे दोन्ही बाजूंचे फोटो, विणायला लागलेले दिवस, रेशीम व जर कोणती, ब्लाउजपीस आहे की नाही आणि किंमत, एवढे त्या पानावर द्यावे, आणि लेखात उलट बाजूचा विषय येतो तेथेच त्या साड्यांचा दुवा द्यावा.

सर्च कन्सोल या गूगलच्या, संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या साधनात हा लेख कोणत्या शब्दांनी सापडतो, तेही पाहावे. तेथे मागील सोळा महिन्यांचे आकडे मिळतात. बहुतेक जण ‘पैठणी धुवायची कशी’ किंवा ‘जुनी पैठणी विकणे’ अशा शोधांतून येत असतील, तर ते आज साडी घ्यायला आलेले नाहीत आणि त्यांच्या संख्येवरून विक्रीचा अंदाज बांधू नये. ‘पैठणी किंमत’, ‘लग्नासाठी पैठणी’ या शोधांत आपले पान दिसते पण कोणी उघडत नाही, असे आढळले, तर पानाचे शीर्षक बदलून त्यात साडीचा प्रकार आणि किंमत कुठून सुरू होते ते घालावे. बदल केल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि लग्नसराईचे दोन महिने जाईपर्यंत ते शीर्षक पुन्हा बदलू नये.