शेततळ्यातल्या माशांना व्हिटॅमिन आणि टॉनिक द्यावं का?

तुमच्या शेततळ्यातले रोहू-कटला सुस्त दिसतायत आणि दुकानदाराने व्हिटॅमिन सी, प्रोबायोटिक, लिव्हर टॉनिक अशा तीन पुड्या हातात ठेवल्यात. घालू का, असं विचारलंय. इंदापूरकडे सहा वर्षं मी शेततळ्यातच मासे करतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

व्हिटॅमिन सी नक्की द्या. गाय-म्हैस ते स्वतःच्या अंगात तयार करते, रोहू-कटल्याला ते जमत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. मातीच्या तळ्यात शेवाळ, बारीक जीव खाऊन बरंच भागतं. आपण तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे सगळी भिस्त गोणीतल्या खाद्यावर. आणि हे जीवनसत्त्व उष्णतेने, हवेने लवकर मोडतं.

मला हे उशिरा कळलं. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पाग (फेकायचं जाळं) टाकला, तर पाच-सहा रोहू कमरेत वाकलेले निघाले. हातात धरले की शेपटीकडचा कणा बोटाला नागमोडी लागायचा. मी शेजारच्या फवारणीवर संशय घेत बसलो. खरं कारण माझ्याच शेडमध्ये होतं. मार्चपासून तापल्या पत्र्याखाली रचलेल्या गोण्या, उघडल्या की खवट तेलाचा वास. वाकलेला मासा पुन्हा सरळ होत नाही, ते सगळे गेले. पुढच्या बॅचला ताजं खाद्य सावलीत ठेवून दिलं, तेव्हा एकही तसा निघाला नाही. आता महिनाभर पुरेल एवढंच आणतो.

पावडर पाण्यात ओतू नका, विरघळून वाया जाते. पुडीवरच्या मात्रेने, किलोभर खाद्याला साधारण 20 मिली खाद्यतेल लावून त्यात चोळा, सावलीत अर्धा तास ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. घेताना फॉस्फेट रूपातलं मागा, ते जास्त टिकतं.

लिव्हर टॉनिकच्या आधी पेंड बघा. शेंगदाणा पेंड ओलसर होऊन बुरशी धरली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते थेट यकृतावर बसतं. असली पेंड टाकून द्या, टॉनिकने ती चांगली होत नाही. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवाणूंची पुडी, ती वाईट नाही, पण ब्लीचिंग पावडर किंवा पोटॅशियम परमॅंगनेट टाकलं असेल तर त्यातले जिवाणू मरतात, पैसे पाण्यात.

मात्र तुमचे मासे सुस्त आहेत म्हणता, तर पुड्या नंतर. उद्या सूर्य उगवायच्या आधी बांधावर जा. ऑक्सिजन त्याच वेळी सगळ्यात कमी असतो. मासे वर तोंड काढून श्वास घेत असतील तर त्या सकाळी खाद्य बंद, मोटर लावून पाणी उंचावरून पाडा किंवा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. ऑक्सिजन मोजायचा मीटर मिळाला तर ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर हवा. गुदमरलेला मासा खातच नाही, मग त्यात चोळलेलं व्हिटॅमिन पोटात जाणार कसं? पाणी ठीक असेल तर पाग टाकून दहा-पंधरा मासे काढा, कल्ले उघडून बघा, अंगावर जखमा किंवा चिकटलेल्या ऊ आहेत का तपासा. जखमा दिसल्या तर फोटो इथे टाका, मी बघतो. तोवर दुकानातून अँटिबायोटिक आणू नका.