‘तो अपघात पुन्हा सगळा सांगावा लागेल का?’

‘पहिल्यापासून सगळं सांगायचं असेल तर मी नाही येणार, मॅडम.’ डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेल्या ईएमडीआर उपचाराचं नाव काढलं की ही धास्ती हमखास पुढे येते. या वेळी बोलत होत्या 34 वर्षांच्या एक शिक्षिका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). स्कूटीवर मागे मुलगा, समोरून उलट्या बाजूने आलेला टेम्पो. मुलाचा मोडलेला हात केव्हाच जुळला. आईला मात्र आठ महिन्यांनंतरही कुठे करकचून ब्रेक लागला की घाम फुटायचा.

उत्तर सरळ आहे: प्रसंगाचं सविस्तर वर्णन करावं लागत नाही. आठवण मनात धरायची असते, तोंडाने सांगितली नाही तरी चालते. ही संमोहनाची पद्धतही नव्हे. माणूस पूर्ण जागा असतो आणि हात वर करून केव्हाही थांबवू शकतो.

या उपचारात नजरेने समुपदेशकाच्या हलत्या बोटांमागे जायचं असतं, पण पहिली दोन सेशन बोटं हललीच नाहीत. आधीचे आघात, झोप, चालू गोळ्या, फिट्स किंवा डोळ्यांचा त्रास, मध्येच भान हरपतं का, हे सगळं विचारून घेतलं. मग मन शांत होईल अशी जागा ठरली: आजोळची पडवी. ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण इथे घाई केली तर केस बिघडू शकते. आठवण उघडते आणि माणसाला परत स्थिर होता येत नाही.

तिसऱ्या सेशनला सगळ्यात बोचणारं चित्र निवडलं: रस्त्यावर पडलेलं दप्तर. त्याला चिकटलेला विचार, ‘माझ्यामुळे झालं.’ त्याऐवजी काय मानायला आवडेल? ‘मला जमलं ते मी केलं.’ हे वाक्य 1 ते 7 मध्ये किती खरं वाटतं? 2. त्रास 0 ते 10 मध्ये किती? 8. अंगात कुठे जाणवतं? उजव्या मनगटात.

मग डोळ्यांपासून साधारण फूटभर अंतरावर दोन बोटं डावी-उजवीकडे, एका संचात चोवीसेक फेऱ्या, जेमतेम अर्धा मिनिट. थांबून एवढंच विचारायचं, ‘श्वास घ्या. आता काय येतंय?’ उत्तर दोन-तीन शब्दांचं. ‘पेट्रोलचा वास.’ ‘त्याच्यासोबत राहा,’ आणि पुढचा संच. मध्ये सल्ला नाही, अर्थ लावणं नाही. नव्या समुपदेशकांना हे गप्प राहणंच सगळ्यात जड जातं!

त्रासाचा आकडा 5 वर अडला. ‘आधी ब्रेक मारायला हवा होता’ हेच दर संचाला. बोटांची दिशा, वेग बदलूनही तेच. अशा वेळी एखादा छोटा प्रश्न टाकावा लागतो. ‘टेम्पो कुठल्या बाजूने आला होता?’ बाई थांबल्या. ‘उलट्या.’ लगेच पुढचा संच. त्या सेशनला आकडा 3 पर्यंत उतरला. काम अर्धवट राहिलं तर उरलेलं मनातल्या पेटीत बंद करून, पडवीत बसवून मगच घरी पाठवायचं. त्या दिवशी गाडी चालवू नये, स्वप्नं वाढू शकतात, हेही आधीच सांगायचं.

यूट्यूबवर सरकणारा ठिपका बघून हे एकट्याने करू नये, ते याच अडकण्यामुळे. प्रश्न टाकायला आणि पेटी बंद करायला समोर कुणी नसतं.

फ्रान्सिन शापिरो यांनी 1989 मध्ये या पद्धतीचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातोत्तर तणावासाठी तिची शिफारस केली. डोळ्यांच्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर वाद आहे. एक पटणारं स्पष्टीकरण असं की बोटांमागे जाताना कार्यकारी स्मृती (एखादी गोष्ट तेवढ्यापुरती मनात धरून ठेवणारी) व्यापली जाते, त्यामुळे मनात धरलेलं चित्र फिकं पडतं. आठवण पुसली जात नाही. दप्तर आजही आठवतं, अंगावर येत नाही.

पुढच्या सेशनला आकडा 0 झाला, नवं वाक्य 7 वर गेलं. डोक्यापासून पायापर्यंत अंग तपासताना मनगटात थोडा ताण सापडला. त्यावर दोन संच केले, तेव्हा तो सुटला. आठवड्याने पुन्हा तपासलं तर दप्तराचा आकडा 0 वरच होता. टेम्पोचा हॉर्न मात्र अजून 4 वर होता. पुढचं काम त्यावर, आणि त्यानंतर अपघाताच्याच रस्त्यावरून स्कूटी नेण्याची मनातल्या मनात तालीम.