‘मी माणूसघाणी झालेय का?’

कॉल सेंटरमध्ये वर्ष-दीड वर्ष काढलेली माणसं समुपदेशकाकडे येतात ती शिव्या देणाऱ्या ग्राहकांना कंटाळून, असा बाहेरच्यांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेकांना काळजी वाटते ती स्वतःची. ‘मी पूर्वी अशी नव्हते. आता कुणाचंच काही वाटेनासं झालंय. माझा स्वभावच बिघडला का?’ इथे सांगते ती हकिगत याच प्रश्नाची आहे. जिची आहे तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय.

ती एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेत होती. तिच्या धाकट्या बहिणीची नोकरी गेली. बहीण फोनवर रडत होती आणि हिच्या तोंडून निघालं, “मी तुझी अडचण समजू शकते.” बहिणीने रडता रडता विचारलं, “मी कस्टमर आहे का गं तुझी?”

“मॅडम, ते वाक्य तोंडात बसलंय, एक वेळ ठीक आहे,” ती मला म्हणाली. “पण ती बोलत होती ना, तेव्हा मी मनात वेळ मोजत होते. सहा मिनिटं झाली, आता हिने मुद्द्यावर यावं. सख्ख्या बहिणीबद्दल असं वाटतं का कुणाला?”

मी तिला शिफ्टमधला एक तास जसाच्या तसा सांगायला लावला. फोन वाजत नाही. कानात बीप येतो आणि लगेच समोरचा माणूस बोलायला लागतो, उचलायचा की नाही हा प्रश्नच नाही. कॉल संपला की नोंद करायला काही सेकंद मिळतात, त्याला ती ‘रॅप’ म्हणत होती. पण रॅप वापरला की एएचटी, म्हणजे एका कॉलमागचा सरासरी वेळ, वाढतो. म्हणून ती ग्राहक बोलत असतानाच नोंद टाइप करून टाकायची. पाणी प्यायला उठायचं तर ऑक्स, म्हणजे कॉल थांबवणारं बटण, लावायचा, आणि तो टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, स्क्रीनवर दिसतो. आधीच्या माणसाने आईवरून शिवी दिलेली असली तरी पुढच्याला “मी आपली काय मदत करू शकते?” तितक्याच गोड आवाजात म्हणायचं. आवाजात हसू आहे की नाही हे क्यूएवाले, म्हणजे कॉलचा दर्जा तपासणारे, रेकॉर्डिंग ऐकून ठरवतात, त्याला वेगळे गुण असतात.

“पण बाकीचे करतातच ना? मलाच का झेपत नाही?”

या प्रश्नावर मी सहसा धीर देत बसत नाही, गणित सांगते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ साली फोनच्या रांगांची सूत्रं मांडली. किती कॉल आले तर किती माणसं बसवायची, याचा हिशोब आजही त्यांच्यावर चालतो. समजा एक कॉल पाच मिनिटांचा आहे आणि शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत घेतले जावेत असा नियम आहे. तासाला १२० कॉल येत असतील तर १४ माणसं लागतात, आणि प्रत्येकाला तासात साधारण १७ मिनिटं कॉलविना मिळतात. आता कॉल वीसपट करा, २४००. माणसं वीसपट, म्हणजे २८० लागायला हवीत असं वाटेल. लागतात २१० च. ग्राहकाला तेवढ्याच वेळात उत्तर मिळतं, पण बसलेल्या माणसाची १७ मिनिटं ३ मिनिटांवर येतात.

म्हणजे एकत्र फोन घेणारी माणसं जितकी जास्त तितकी दोन कॉलमधली फट कमी. यात कुणाचा दुष्टपणा नाही आणि कुणाचा नाजूकपणाही नाही. छोट्या ऑफिसात फोन घेणारी तिची मैत्रीण ‘आम्हीही शिव्या खातो, त्यात काय एवढं’ म्हणायची. शिवी तीच असेल, पण मैत्रिणीला ती पचवायला वेळ मिळत होता.

हे ऐकून तिला बरं वाटलं, पण गाडी अडली होती ती दुसरीकडेच. डोक्यातून जात नाही असा कॉल कुठला, असं मी पुढच्या भेटीत विचारलं. एखाद्या भांडकुदळ माणसाचा असेल अशी माझी अटकळ होती. तिने सांगितला तो एका वयस्कर बाईंचा. नवरा गेला होता आणि त्याचा नंबर बंद करायचा होता. नंबर बंद करणाऱ्याला आधी दोन ऑफर द्यायच्या असा नियम, आणि त्या नोंदवल्याशिवाय सिस्टीममध्ये पुढचा पर्यायच उघडत नाही. तिने पहिली ऑफर दिली. बाई म्हणाल्या, “पण बाळा, ते आता नाहीत.” तिने दुसरी दिली. मग बाई रडल्या, ती गप्प राहिली, आणि कॉल लांबला. त्या कॉलवर तिचे गुण दोनदा कापले गेले. एकदा वेळ जास्त लागला म्हणून, आणि एकदा ‘डेड एअर’, म्हणजे फोनवर शांतता राहिली म्हणून.

“दुसरी ऑफर देताना माझा आवाज अगदी नीट होता, मॅडम. त्याचीच मला भीती वाटते.”

मी म्हटलं, “जिला कुणाचंच काही वाटत नाही तिला हा कॉल इतक्या महिन्यांनी शब्दन् शब्द कसा आठवला असता?” यावर ती बराच वेळ रडली. माझ्या खोलीत डेड एअरचे गुण कापत नाहीत, असं मी म्हटल्यावर हसलीही.

कामाच्या साचलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा तो आजार नाही, कामाशी निगडित घटना आहे, असं स्पष्ट म्हटलं. अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा तुसडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. तुसडेपणा त्या यादीतच आहे, हे मी तिला मुद्दाम दाखवलं. स्वभाव म्हणून ती ज्याला नावं ठेवत होती, ते थकलेल्या मनाने स्वतःला वाचवण्यासाठी ओढून घेतलेलं अंतर होतं. ते अंतर घरापर्यंत आलं, एवढाच बिघाड.

पुढची कामं अगदी साधी होती. हक्काचे रॅपचे सेकंद पूर्ण वापरायचे, एएचटी थोडा वाढला तरी चालेल. शिवीगाळ करणाऱ्याला ताकीद देऊन कॉल बंद करण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी असते. आपल्याकडे ती आहे का आणि लेखी कुठे आहे, हे टीएलला विचारायचं. घरी गेल्यावर अर्धा तास कुणी काही विचारणार नाही, हे घरच्यांना भांडण न करता सांगून ठेवायचं. त्या बाईंच्या कॉलचे गुण कापले त्यावर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकायचा. गुण अर्धेच परत मिळाले. पण त्या निमित्ताने कळलं की ग्राहकाच्या मृत्यूनंतरच्या विनंत्यांसाठी वेगळी टीम होती आणि असा कॉल ऑफर न देता तिकडे वळवता येत होता. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं! मला याचा तिच्यापेक्षा जास्त राग आला.

बहिणीशी बोलण्याची आम्ही तालीम केली. अडचण समजली असं म्हणायचंच नाही, विचारायचं. कधी कळलं? तू तेव्हा कुठे होतीस? जेवलीस का? स्क्रिप्टमध्ये नसलेला प्रश्न विचारला की उत्तर ऐकावंच लागतं.

आणि नोकरी सोडायची का? पुरेशी झोप घेऊन लागोपाठ दोन सुट्ट्या काढल्यावर माणूस कसा असतो, ते मी आधी बघायला सांगते. दुसऱ्या दिवशी हसूबोलू लागला तर ओझं कामाचं आहे, आणि काम बदलण्याचा विचार शांतपणे करता येतो. सुट्टीतही झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं, राजीनाम्याचा विचार नंतर. ती पहिल्या प्रकारात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणींमध्ये बडबड करत बसली आणि रात्री उद्याची शिफ्ट आठवून गप्प झाली.

आता ती त्याच कंपनीत ईमेलच्या टीममध्ये आहे. टार्गेट तिथेही आहे, पण एक तक्रार संपवून दुसरी कधी उघडायची ते तिच्या हातात असतं. रात्रपाळी गेली तसा रात्रपाळीचा भत्ताही गेला. त्यावरून घरी कुरबुर झाली, आणि त्यात तिची बाजू घेऊन भांडली ती बहीण.