टीजीए २०० पर्यंत ठीक, मग १२० डिग्रीलाच कंडक्टिव्हिटी का पडते?

तुमची फिल्म पीव्हीएमध्ये (पॉलीव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) १० टक्के पॉलीअॅनिलीनची (वीज वाहणारं पॉलिमर), डोपिंग एचसीएलचं (हे अॅसिड जोडलं की पॉलीअॅनिलीन वीज नेतं), टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं ते मोजणारं मशीन) २०० पर्यंत ठणठणीत म्हणतो आणि १२० च्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवली की कंडक्टिव्हिटी पार झोपते, तर मशीनमध्येच गडबड आहे का असं तुम्ही विचारलंय. मशीनला कशाला दोष देताय, ते बिचारं वजन सांगतं, करंट जातोय की नाही ते त्याला काय माहीत!

जरा आकडेमोड करा. अॅनिलीनच्या दोन युनिटमागे एक एचसीएल, म्हणजे वजनाने १८१ ला ३६.५, सॉल्टच्या (एचसीएल जोडलेल्या पॉलीअॅनिलीनच्या) वजनात झाले साधारण १७ टक्के. तुमच्या फिल्ममध्ये सॉल्टच १० टक्के, म्हणजे सगळं एचसीएल उडालं तरी वजन घटणार फक्त १.७ टक्के, आणि पीव्हीए आधीच ओलावा धरून बसलेलं असतं, १०० च्या आसपासची घट आपण सगळे पाण्याच्या नावावर टाकून मोकळे होतो, त्यातच डोपंट, म्हणजे हे एचसीएल, निसटतो. शिवाय टीजीए मिनिटाला १० डिग्रीने पळत असेल तर १२० ला तो थांबलाच कुठे?

आता फिल्म पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. हिरव्याची निळी झाली असेल तर डोपंट गेला. फ्यूम हूडमध्ये एचसीएलच्या वाफेवर धरा, अॅसिडमध्ये बुडवू नका, पीव्हीए क्रॉसलिंक केलेलं (चेन एकमेकींना बांधलेलं) नसेल तर लगदा हातात येईल. रंग आणि रीडिंग दोन्ही परत आले तर पॉलीअॅनिलीनच्या चेन शाबूत आहेत. अर्धवटच आलं तर चेन एकमेकींत क्रॉसलिंक झाल्यात किंवा रिंगवर क्लोरीन बसलाय, ते काही भरून येत नाही. तपकिरी झाक आली असेल तर ते बहुतेक पीव्हीएचं काम, अॅसिड असलं की त्यातून पाणी लवकर निघतं आणि डबल बाँड तयार होतात.

पहिलं रीडिंग ओल्या फिल्मवर घेतलं होतं का? ओलावाही थोडा करंट नेतो, म्हणून आधी व्हॅक्यूममध्ये ६० ला सुकवा आणि मगच मोजा, तेही फोर प्रोबने (चार टोकांनी, म्हणजे जोडणीचा रोध मोजमापात येत नाही).

डोपंट बदलायचा तर माझं मत डीबीएसएला (डोडेसिलबेंझिन सल्फॉनिक अॅसिड), मोठा रेणू आहे, एचसीएलसारखा उडून जात नाही, फक्त जास्त घातला तर फिल्म चिकट होते. मग १२० ला धरून दर तासाचं रीडिंग घ्या आणि तो ग्राफ टीजीएशेजारी लावा, तो नसेल तर रिपोर्टमधल्या ‘थर्मली स्टेबल’ला मी तरी मानत नाही. आणि हो, टीजीए नायट्रोजनमध्ये आणि ओव्हन हवेत असेल तर ते आधी सांगा, मग तुलनाच वेगळी होते.